इतर अधिकारातील टमाटा

महसूल खात्यात चौतीस वर्षे कारकुनी करून, आणि त्यांपैकी अखेरची सहा वर्षे अव्वल कारकुनाच्या खुर्चीवर काढून, मी जेव्हा लातुरात निवृत्तीचे निवांत जीवन कंठू लागलो, तेव्हा ज्या गृहस्थाच्या हातून हजारो फेरफार, पंचनामे आणि जमाबंदीची प्रकरणे सुखरूप पार पडली त्याच्यावर एक किलो टमाटे आणण्याची कामगिरी बिनदिक्कत सोपवता येईल, असा आमच्या कुटुंबाचा स्वाभाविक परंतु सर्वस्वी निराधार ग्रह झाला. सरकारी नोकरीत मनुष्य जे काही शिकतो ते कागदाविषयी शिकतो. आणि कागद जितका जुना होईल तितके त्याचे वजन वाढते, टमाटा जितका जुना होईल तितका त्याचा मालक अडचणीत येतो, हे ज्ञान मला वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी झाले.

आमच्या गावात खरेदीचा विषय निघाला की गंज गोलाईचे नाव टाळता येत नाही. फैयाजुद्दीन नामक नगररचनाकाराच्या आराखड्यावरून १९१७ साली उभी राहिलेली ही दुमजली वर्तुळाकार वास्तू, तिच्या मधोमध असलेले अंबाबाईचे देऊळ आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते, यांची योजनाच अशी आहे की मनुष्य ज्या वस्तूसाठी आत शिरतो ती विसरून उरलेल्या पंधरा रस्त्यांवरच्या वस्तू घेऊन बाहेर पडतो. मी मात्र निश्चयी वृत्तीचा असल्याने थेट एका भाजीवाल्या बाईच्या पाटीपुढे उकिडवा बसलो, चष्मा पुसला, आणि एकेक टमाटा उचलून, चहूबाजूंनी फिरवून, उजेडाकडे धरून त्याची रीतसर तपासणी आरंभली. दहा मिनिटांत तीन टमाटे मंजूर, चार नामंजूर आणि दोन फेरचौकशीस पात्र, अशी वर्गवारी झाली. तेवढ्या अवधीत बाईने पाच गिऱ्हाइके वाटेला लावली होती. अखेर तिचा धीर सुटला.

"काका," ती म्हणाली, "टमाटं बघायलाव की जावाई?"

भोवतालची मंडळी मनमुराद हसली. परंतु घरी येताना विचार करता मला तिच्या बोलण्यात केवळ कुचेष्टा दिसेना. दोन्ही ठिकाणी निवड बाहेरच्या वर्णावरून होते, दोन्ही ठिकाणी आतला माल घरी आणल्यावर कळतो. जावयाच्या बाबतीत कापून पाहण्याची सोय नाही, इतकाच काय तो फरक. त्या दिवशीचे माझे तिन्ही मंजूर टमाटे विळीवर धरताच आतून पांढरे, कोरडे आणि दगडासारखे निघाले, आणि फेरचौकशीतले दोन मी घेतलेच नव्हते.

त्यानंतरच्या वर्षभराच्या अनुभवावरून मी टमाटे पारखण्याचे काही दंडक ठरवले, ते माझ्यासारख्या होतकरू निवृत्तांच्या उपयोगी पडावेत म्हणून येथे नमूद करतो. रंग हा अर्जदाराने स्वतःविषयी दिलेला जबाब होय. तो वाचावा, पण केवळ त्यावर हुकूम देऊ नये. हिरवट असताना तोडलेला टमाटा कॅरेटात बसून गावोगाव फिरता फिरता लाल होतो आणि झाडावर पिकलेलाही लालच असतो. एकाला उन्हाने लाली आणलेली असते, दुसऱ्याला प्रवासाने. वजन हा त्याहून भरवशाचा साक्षीदार: सारख्या आकाराचे दोन टमाटे दोन तळहातांवर घ्यावेत, आणि जो जड लागेल त्याच्या बाजूने निकाल द्यावा. मग देठाच्या खळगीशी नाक न्यावे. तेथे टमाट्याच्या पाल्याचा तो उग्र, हिरवा वास आला तर ठीक, न आल्यास जिभेने फारशी आशा बाळगू नये. सरतेशेवटी फळ तळहातावर अलगद तोलून बुडाशी किंचित लवते का ते पाहावे. अंगठ्याने दाबून पाहणारे गिऱ्हाईक ही बाजारातील एक उपद्रवी जमात आहे. ते स्वतः घेत नाही आणि जो पुढे घेईल त्याच्यासाठी डाग मात्र ठेवून जाते.

या दंडकांप्रमाणे आणलेले टमाटेही आमच्या कुटुंबास पसंत पडत, असे नाही. "अहो, सार करायचंय, प्रदर्शन नाही भरवायचं," असा शेरा मारून ती त्यांतील सर्वांत बेढब, पिचका आणि पातळ सालीचा टमाटा आधी उचले, आणि सार नेहमी उत्तम होई. या विसंगतीचा उलगडा मी अद्याप मागितलेला नाही.

अशा स्थितीत अमेरिकेत स्थायिक झालेला माझा भाचा सुट्टीसाठी आला आणि पानातल्या टमाट्याच्या फोडीकडे बघून म्हणाला, "मामा, हे टमाटे आहेत की क्रिकेटचे चेंडू?" त्याच्या तिकडच्या परसात म्हणे एकेक टमाटा अर्धा-अर्धा किलो भरतो, आडवा कापला तर एका चकतीत पावाचा तुकडा झाकून जातो, आत दोन-तीन मोठे कप्पे आणि त्यांत पाणी, असा आपल्याकडचा प्रकार नसून बारीक बारीक अनेक कप्पे, बी थोडे आणि गर भरघोस. परत गेल्यावर त्याने इकडच्याच एका विक्रेत्याकरवी त्या बियाण्याची दोन पाकिटे मला टपालाने पाठवली, आणि येथून माझ्या संकटास खरा प्रारंभ झाला.

त्या कुळाचे नाव बीफस्टेक. नाव मांसाच्या जाड कापावरून पडलेले, कारण गरही तसाच जाड आणि भरीव. आमचे घर एकादश्या, चतुर्थ्या आणि श्रावणी सोमवार काटेकोरपणे पाळणारे, तेव्हा "कशाचं बियाणं आलंय?" या प्रश्नाला, मोघम उत्तरांचे मसुदे करण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाच्या सहजतेने मी, "परदेशी वाण आहे, आकाराने थोर असते," इतकेच कळवले. परंतु पुढच्याच रविवारी भाच्याने दूरध्वनीच्या पडद्यावरून, "मामी, बीफस्टेक उगवले का?" अशी खड्या आवाजात पृच्छा केली. पुढे घडलेल्या संभाषणाचा तपशील देण्याचे कारण नाही. त्यातच एका पाकिटावर पोटजातीचे नाव ब्रँडीवाइन असे छापलेले आढळले. म्हणजे मांसाच्या कुळात मद्याने जन्म घेतलेला! ते तिकडच्या एका ओढ्याचे नाव आहे, असा खुलासा भाच्याने केला. त्यावर, "त्या ओढ्यातून काय वाहतं ते विचारा," असा प्रतिप्रश्न आला, आणि ते पाकीट बेमुदत कपाटात जमा झाले.

एक मात्र खरे, की टमाट्याच्या सोवळेपणाविषयी बोलण्याचा अधिकार कोणत्याच घराला नाही. ज्याला आपण आज आपला गावरान टमाटा म्हणून उसासे टाकतो, तोही मूळचा दक्षिण अमेरिकेचा रहिवासी. मेक्सिकोत वाढला, तिथल्या लोकांच्या बोलीतले नाव घेऊन युरोपात गेला आणि जहाजातून आपल्याकडे उतरला. बंगाल्यांनी त्याला विलायती वांगे म्हटले, वऱ्हाडात तो भेदरं झाला, आणि आम्ही मराठवाड्यातल्यांनी टमाटं म्हणून त्याला दत्तक घेतले. माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात त्याला श्राद्धपक्षाच्या दिवशी मज्जाव असे, आणि इतर दिवशीही तो लाल रंगाचा असल्यामुळे ती त्याच्याकडे संशयाने पाही. वांगे, बटाटा आणि मिरची हे तिघे याचेच सख्खे भाऊबंद. पण भावकीत एकाची अब्रू जाते आणि दुसऱ्याची राहते, हा अनुभव टमाट्याला आमच्या आजीकडे आला.

त्याच्या जातकुळीचा वाद कोर्टातही गेलेला आहे. अमेरिकेत १८८३ च्या जकात कायद्याप्रमाणे भाजीवर शेकडा दहा कर आणि फळांना माफी होती. न्यूयॉर्कच्या निक्स नावाच्या व्यापाऱ्याने टमाटा फळच आहे असा दावा लावला. वनस्पतिशास्त्र त्याच्या बाजूचे होते. १८९३ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, शास्त्र काहीही म्हणो, लोक टमाटे जेवणात खातात, जेवणानंतरच्या गोडात नव्हे. सबब ती भाजी आहे आणि कर वसूल करणे योग्य. प्रतिवादी होता बंदराचा कलेक्टर हेडन. कोठल्याही देशात, कोठल्याही शतकात, शेवटी कलेक्टरच जिंकतो, हे वाचून मला जुन्या कचेरीची आठवण झाली आणि अंतःकरण भरून आले.

उरलेल्या पाकिटावरचे नाव मात्र असे होते की ते वाचून मी क्षणभर खुर्चीवरून उठलोच. मॉर्गेज लिफ्टर! आमच्या खात्याच्या भाषेत सांगायचे तर बोजा उतरवणारा टमाटा. ज्यांना सातबाऱ्याचा परिचय नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगतो, की त्या उताऱ्यावर 'इतर अधिकार' नावाचा एक निरुपद्रवी दिसणारा रकाना असतो. बँकेचे, सोसायटीचे, कोणाचेही कर्ज घेतले की त्याची नोंद तेथे बोजा म्हणून चढते, आणि एकदा चढलेला बोजा उतरवताना शेतकऱ्याच्या दोन पिढ्या आणि कारकुनाची एक दौत शाई संपते. त्या रकान्यात मी स्वहस्ते किती बोजे चढवले असतील याची मोजदाद नाही. उतरवलेले बोटांवर मोजता येतील.

त्या टमाट्याची हकीकत अशी. वेस्ट व्हर्जिनिया प्रांतातील लोगन गावी बाइल्स नावाचा एक कारागीर चढावर तापलेल्या मालमोटारींचे रेडिएटर दुरुस्त करीत असे, म्हणून त्याला रेडिएटर चार्ली म्हणत. १९३० नंतरच्या मंदीच्या काळात त्याच्या घरावर सहा हजार डॉलरांचे गहाण होते. त्याने परसात जर्मन जॉन्सन जातीचे एक रोप मधोमध लावले, भोवती इतर मोठ्या टमाट्यांच्या रोपांचे कडे केले, आणि लहान मुलांचे कान धुण्याच्या पिचकारीने भोवतालच्या फुलांचा पराग घेऊन मधल्या फुलांवर सोडला. वर्षानुवर्षे हा उद्योग करून त्याने जे वाण स्थिर केले त्याची रोपे तो डॉलरला एक या दराने विकू लागला. शेकडो मैलांवरून लोक मोटारी घेऊन आले, आणि सहा वर्षांत सहा हजारांचे गहाण फिटले. कोठली कर्जमाफी नाही, पात्रतेची यादी नाही, आधार जोडणी नाही. एक पिचकारी आणि एक टमाटा! मी हे वाचले तेव्हा मला वाटले, हे वाण आमच्या जिल्ह्यात चाळीस वर्षांपूर्वी येते तर माझी निम्मी नोकरी वाचली असती.

पाकिटातले निम्मे बी मी नांदेडला मेहुण्यास पाठवले, कारण नांदेडकरांना दिल्याशिवाय लातूरकराला कोणत्याही गोष्टीचा आनंद पुरता होत नाही. आमच्या भागात उन्हाळ्यात या वाणाचे नाव काढू नये. पारा पस्तीस अंशांवर रेंगाळू लागला की टमाट्याचे फूल फळ न धरताच गळते, आणि आमच्याकडे चैत्र-वैशाखात पस्तीस म्हणजे थंडी. म्हणून श्रावण संपता संपता बी टाकले, आश्विनात रोपे गच्चीवरच्या कुंड्यांत लावली, बांबू बांधले, सुतळीने रोपे आवळली, आणि रोज सकाळी मी त्यांच्यापुढे असा उभा राहू लागलो जसा पूर्वी साहेबांपुढे राहत असे.

रोपे वाढली, फुले आली, फळे धरली. आणि मग ती तडकू लागली. देठाभोवती वर्तुळाकार चिरा, जणू कोणी नकाशावर गटांच्या हद्दी आखल्या आहेत. कारण शोधता असे आढळले की, हा थोर फळाचा टमाटा सगळे सोशील, पण पाण्याची अनियमितता सोसत नाही: आठवडाभर कोरडा ठेवून एके दिवशी भरपूर पाणी दिले की आतला गर एकाएकी फुगतो, साल तेवढी ताणत नाही आणि फाटते, पाण्याच्या याच हेलकाव्याने कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही आणि बूड काळे पडते. आता ज्या शहराला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, आणि जेथे नळाला पाणी कधी येणार हे लोक पंचांगातल्या मुहूर्तासारखे लक्षात ठेवतात, तेथे एका परदेशी टमाट्याने दररोज नेमाने पाण्याची अपेक्षा धरावी, हा अज्ञानाचा कळस नव्हे काय? नांदेडहून मेहुण्याचा दूरध्वनी आला. त्याची फळे गुळगुळीत, एकही चीर नाही. "दाजी," तो म्हणाला, "आमच्याकडं गोदावरी आहे. तुमच्याकडं तारीख आहे."

या वाक्याला उत्तर नव्हते, म्हणून मी रोज रात्री आंघोळीची एक बादली कमी करून कुंड्यांत ओतू लागलो, आणि मुळांवर पाचटाचे आच्छादन घातले. चिरा थांबल्या. माझ्या स्नानाविषयी घरात जी चर्चा झाली ती येथे अप्रस्तुत आहे.

पहिली तीन फळे उतरवल्यावर ठेवणुकीचा प्रश्न उपस्थित झाला. आमच्या घरात जे काही आणले जाते, अगदी औषधाची पुडीसुद्धा, ते आधी फ्रिजमध्ये जाते. मी प्रथमच ठाम विरोध नोंदवला. बारा-तेरा अंशांखालच्या गारठ्यात टमाट्याचा सुगंध बनणे थांबते आणि गर पिठूळ होतो. म्हणून पिकलेले फळ फडताळात, वर्तमानपत्रावर, एकमेकांना न भिडता, देठाची बाजू खाली करून ठेवावे, कारण देठाच्या व्रणातूनच त्याचे पाणी उडते आणि त्याचे खांदे बुडापेक्षा भार अधिक सोसतात. कापलेला अर्धा मात्र फ्रिजमध्ये ठेवावा. त्याला आता गमावण्यासारखे थोडेच उरलेले असते. जे फळ हिरवट राहिले होते त्याच्या शेजारी मेहुण्याने आणलेला अर्धापुरी केळ्यांचा घड ठेवला. पिकणाऱ्या केळ्यातून जो वायू निघतो त्याने शेजारचा टमाटाही पिकतो. चांगल्या संगतीचा परिणाम होतो, हे सुभाषित मी शाळेत पाठ केले होते. त्याचा पुरावा केळ्याच्या घडाने साठीत दिला.

उपयोगाच्या बाबतीत आमच्या कुटुंबाने या थोर टमाट्याचे सार एकदा केले, आणि ते गोडसर, दाट, पण बेचव झाले. सारासाठी तो पिचका, आंबट गावरान टमाटाच हवा. कच्च्या हिरव्या फळांची मात्र तीळ, शेंगदाणे, लसूण आणि मिरची घालून वरवंट्याखाली जी चटणी झाली, तिच्यापुढे मी मद्यमांसाच्या सगळ्या नावांना मनोमन क्षमा केली. आणि पिकलेल्याची खरी जागा एकच: आडवी जाड चकती, वर मीठ, खाली ज्वारीची गरम भाकरी. एका चकतीने भाकरीचा चतकोर पुरता झाकला.

सर्वांत मोठे फळ मी वेळ अमावस्येसाठी राखले होते. मार्गशीर्षाच्या अमावस्येला आमच्या लातूर-औशाकडे शहरे ओस पडतात आणि शेते भरतात. कडब्याच्या कोपीत पूजा मांडतात, आंबील, उंडे आणि भज्जीचा बेत होतो, आणि ज्याला शेत नाही तोही कोणाच्या तरी बांधावर जेवतो. आमच्या चुलतभावाच्या, आण्णांच्या शेतात मी पोचलो तो खिशात नव्हे, दोन्ही हातांत टमाटा धरून. पाचशे ऐंशी ग्रॅम. सर्वांनी तो हाताळला. पोरांनी त्याच्यासोबत छायाचित्रे काढली. आण्णांनी विळ्याने चकत्या केल्या, मीठ लावले, आणि मी तेवढ्यात बाइल्सची सगळी हकीकत, पिचकारीसकट, सांगून टाकली.

आण्णा बराच वेळ चावत राहिले.

"कर्ज फेडलं म्हंता टमाट्यानं?"

"सहा वर्षांत."

"टमाटं किलोनं इकलं का?"

"टमाटे नाही. रोपे विकली. डॉलरला एक."

"तर मग," आण्णा हात धोतराला पुसत म्हणाले, "रोप इकणाऱ्याचा बोजा उतरला म्हना. घेणाऱ्याचं काय झालं ते कुटं लिवलंय का?"

ते कोठेच लिहिलेले नव्हते. २०२३ च्या मे महिन्यात भावाअभावी लोकांनी रस्त्यावर टमाटे ओतले आणि जुलैत त्याच टमाट्याने शंभरी ओलांडली, तेव्हा ओतणारा निराळा होता आणि शंभरी घेणारा निराळा. पण बियाण्याचे, औषधाचे आणि कॅरेटाचे पैसे दोघांनीही सारखेच, आणि आधी, मोजले होते. मी मनाशी माझा हिशोब मांडला. कुंड्या, माती, शेणखत, बांबू, सुतळी मिळून एक हजार आठशे साठ रुपये; उत्पन्न नऊ फळे, त्यांतील तीन तडकलेली. हा बोजा माझ्याच नावावर होता. समोर ज्या काळ्या रानात आम्ही बसलो होतो, त्याच्या उताऱ्यावरच्या इतर अधिकारात एक नोंद आहे. ती मी अव्वल कारकून होण्याच्या आदल्या वर्षी माझ्याच वळणदार अक्षरात केलेली आहे, आणि आण्णांनी तिचा माझ्याजवळ आजवर एकदाही उल्लेख केलेला नाही.

वहिनी कोपीत आंबिलीचे मडके झाकीत होत्या. त्यांनी आण्णांच्या ताटातली एक चकती उचलली, बोटाने त्यातले बी काढले, चुलीतल्या चिमूटभर राखेत घोळून फडक्यावर पसरले आणि फडके कोपीच्या दाराशी उन्हात ठेवले.

"वैनी, हे कामून?" मी विचारले.

"संकरित न्हाई म्हनलाव न्हवं? मग फुडल्या साली इकत कामून घ्यायचं?"

मला टिपण ठेवण्याची सवय आहे. सेवा सुटली तरी ती हातातून सुटत नाही. त्या रात्री घरी येऊन टमाट्याच्या वहीत मी शेवटची नोंद केली: बोजा कायम. बियाणे पक्षकाराने स्वतः राखून ठेवले. फेरफार प्रलंबित.